ती काही करत नाही!

कॉलेजात प्राण्यांसाठी क्लब काढायचाय? बिस्किटं नंतर. आधी एक वही आणा.

तुमच्याही कॉलेजात ती असणारच. पार्किंगमधली नेमकी नवीकोरी स्कूटर हेरून तिच्या सीटवर अंगाचं मुटकुळं करून झोपणारी. कँटीनच्या मागच्या दाराशी उरलेले पाव कधी येतात याचं टाइमटेबल तुमच्या लेक्चर्सच्या टाइमटेबलपेक्षा पक्कं पाठ असणारी. गॅदरिंगला ऐन सोलो साँगच्या मध्ये स्टेजवर चालत येऊन गाणाऱ्यापेक्षा जास्त टाळ्या घेणारी. आमच्याकडे तिचं नाव खारी होतं. रंग खारीचा, आणि मुक्काम चहाच्या टपरीवर, म्हणून.

खारीवर सगळ्यांचा जीव. रील्समध्ये ती, फेअरवेलच्या फोटोत ती. आणि मग एके दिवशी सकाळी कुत्रे पकडणारी गाडी गेटातून आत आली. गाडीतल्या माणसानं अगदी साधे प्रश्न विचारले. ही कुणाची? हिचं ऑपरेशन झालंय का? रेबीजची लस कधी दिली? तिथं आम्ही तीस-पस्तीस जण गोळा झालो होतो. प्रत्येकाच्या फोनमध्ये तिचे फोटो होते, उत्तर मात्र एकाकडेही नव्हतं. खारी त्या दिवशी लायब्ररीमागच्या तुटक्या कंपाउंडमधून पळाली म्हणून वाचली. आमच्यामुळे नव्हे.

सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही, हे त्या दिवशी कळलं. संध्याकाळी कट्ट्यावर क्लबची कल्पना निघाली. तुम्ही आत्ता त्याच टप्प्यावर असाल, तर पुढचं तुमच्यासाठी. आमची त्यात तीन वर्षं गेली आणि त्यातलं निदान एक वर्ष निव्वळ चुका करण्यात गेलं. त्या तुम्हाला फुकट देतेय.

पहिल्या मीटिंगला त्रेपन्न, दुसऱ्या मीटिंगला सात

पहिल्या मीटिंगचं पोस्टर आम्ही पिल्लाच्या फोटोचं केलं. त्रेपन्न जण आले. त्यातले बरेच ‘पिल्लं कुठायत?’ विचारत आले आणि पिल्लं नाहीत म्हटल्यावर समोसे खाऊन गेले. दुसऱ्या मीटिंगचा विषय होता, ‘शनिवारी सकाळी सहा वाजता येऊन कुत्र्यांची मोजणी’. सात जण. मला रडूच आलं होतं. पण आता सांगते, सात खूप झाले. सकाळी सहाला येणारे सात जण हातात असतील तर क्लब चालतो. पिल्लासाठी आलेले पन्नास असतील तर फक्त ग्रुप चालतो.

मग कागद. क्लबला प्राचार्यांची मंजुरी लागते आणि मंजुरीसाठी मार्गदर्शक शिक्षक लागतात. आम्ही साहजिकच ज्यांच्या घरी चार मांजरी आहेत त्या इंग्रजीच्या मॅडमकडे गेलो. मॅडम फार गोड, पण त्यांचं नाव अर्जावर आलं की ऑफिसला तो ‘मॅडमचा छंद’ वाटायचा. एका सीनिअरनं सल्ला दिला, अकाउंट्सच्या सरांना विचारा. सर कुत्र्यांना घाबरायचे. समोरून कुत्रं आलं की बॅग ढालीसारखी पुढे धरून चालायचे. आम्ही बिचकत बिचकत गेलो. सर म्हणाले, ‘मला कुत्री आवडत नाहीत. पण मोजणी करणार असाल तर सही करतो. निदान किती आहेत ते तरी कळेल.’ त्या सहीला जे वजन आलं ते मांजरवाल्या मॅडमच्या सहीला कधीच आलं नसतं. शिवाय सरांनी पहिल्या दिवसापासून हिशोब लिहायला लावला, ते वेगळंच.

तरीही पहिला अर्ज परत आला. ‘महाविद्यालय हे शिक्षणाचे ठिकाण आहे’ असा शेरा मारून. तुमचाही येईल. अशा वेळी रुक्मिणीदेवी अरुंडेल आठवा. भरतनाट्यम शिकणाऱ्यांना त्या चेन्नईच्या ‘कलाक्षेत्र’मुळे माहीत असतात. १९५२ मध्ये त्या राज्यसभेवर नियुक्त झाल्या आणि प्राण्यांच्या छळाविरुद्ध त्यांनी खासगी विधेयक मांडलं. सरकार स्वतःच कायदा आणेल असं आश्वासन पंतप्रधान नेहरूंनी दिलं, आणि ते विधेयक मागे घेतलं गेलं. सरकारी कायदा यायला १९६० साल उजाडलं. आज आपण ज्याचा आधार घेतो तो प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा हाच. १९६२ मध्ये त्या कायद्याखाली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झालं तेव्हा अध्यक्षपदी त्याच होत्या. एका परत आलेल्या कागदाला त्यांनी इतकी वर्षं दिली. आपण निदान दुसरा अर्ज तरी लिहू.

दुसऱ्या अर्जात आम्ही ‘प्रेम’, ‘मुके जीव’, ‘माणुसकी’ हे सगळे शब्द काढून टाकले. त्याऐवजी लिहिलं: रेबीज लसीकरण, वसतिगृहाच्या वाटेवरची सुरक्षितता, नोंदवही. आठ दिवसांत मंजुरी. आणि हो, अर्ज कुणाच्या हातात देऊन येऊ नका. आवक-जावकच्या टेबलवर द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेऊन पोच जपून ठेवा. कॉलेजची तीन वर्षं मला जे शिकवू शकली नाहीत ते त्या टेबलवरच्या काकांनी शिकवलं.

दया की हक्क?

क्लबचं नाव ठरवताना पहिलं भांडण झालं. ‘प्राणीमित्र’ की ‘प्राणी हक्क’? काहींना ‘हक्क’ शब्द भारी वाटत होता, काहींना मोर्च्यासारखा.

प्राण्यांसाठी आवाज उठवणं ही काही परदेशातून आलेली फॅशन नाही. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत इंग्रज सरकारच्या पोलिसांनी भटकी कुत्री मारायचा सपाटा लावला, तेव्हा पारशी मंडळींनी दुकानं बंद पाडली, दंगल झाली. दोनच वर्षांनी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकारानं मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. पण पांजरपोळ ही दयेची परंपरा. दया हा करणाऱ्याच्या मनाचा मामला असतो. आज बिस्किट दिलं, उद्या परीक्षा आहे म्हणून नाही दिलं, कुणी जाब विचारत नाही. हक्क म्हटलं की समोर कर्तव्य येतं. आपल्या संविधानात अनुच्छेद ५१-क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्यं आहेत, त्यात सजीव प्राण्यांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हेही आहे. म्हणजे दयासुद्धा तिथं कर्तव्य म्हणूनच येते.

अर्थात कायद्याची ताकद फार मोठी समजू नका. १९६० च्या कायद्यात प्राण्याला क्रूरपणे वागवल्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड किती, माहितीय? दहा ते पन्नास रुपये. कँटीनची मिसळसुद्धा येत नाही तेवढ्यात. प्राण्याला ठार मारणं, विष घालणं, कायमचं जायबंदी करणं यासाठी मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा फरक पाठ असू द्या, पोलीस ठाण्यात उभं राहायची वेळ आली तर उपयोगी पडतो.

आम्ही ‘हक्क’ ठेवला. पुढे या शब्दानं आमचीच पंचाईत केली, ते सांगतेच.

वही

मोजणी कशी करायची? सलग दोन दिवस, पहाटे, एकाच वेळी. त्या वेळी कुत्री आपापल्या ठरलेल्या जागी असतात. कॅम्पसचे चार भाग करा, प्रत्येक भागात दोघं. प्रत्येक कुत्र्याचे दोन्ही बाजूंनी फोटो, नर की मादी, रंग, खुणा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कान. निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडलेली किंवा कानाचं टोक कापलेलं असतं. लोकांना वाटतं भांडणात फाटलाय. तो त्याचा दाखला असतो.

आम्ही छातीठोकपणे सांगायचो, कॅम्पसवर वीस-पंचवीस कुत्री आहेत. निघाली अकरा. त्यातल्या सातांच्या कानाला खाच नव्हती. खारीच्याही नव्हती, आणि ती पुन्हा गाभण होती. कुत्री साधारण दोन महिन्यांत विते आणि वर्षातून दोनदा पिल्लं होऊ शकतात. आमच्या बिस्किटांनी आम्ही नेमकं काय वाढवत होतो, ते त्या वहीत पहिल्यांदा दिसलं.

निर्बीजीकरण तुम्ही करायचं नसतं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे ते स्थानिक स्वराज्य संस्थेचं काम आहे आणि प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेमार्फत ते होतं. तुमचं काम पाठपुराव्याचं. आम्ही महापालिकेत तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा ‘साहेब फिल्डवर आहेत’. चौथ्या वेळी कॉलेजच्या लेटरहेडवर, सातही कुत्र्यांच्या फोटोंसकट, जागेच्या नकाशासकट पत्र नेलं. पंधरा दिवसांत गाडी आली. आमच्यातले दोघं जण सोबत उभे राहिले, कोणती पकडायची आणि कोणती आधीच झालेली आहेत ते दाखवायला. खारीचा नंबर पिल्लं सुटी झाल्यावर लागला. वहीत प्रत्येकीपुढे तारीख आली. लस, ऑपरेशन, परत सोडल्याचा दिवस.

वही शक्यतो कागदाचीच ठेवा. शीट वगैरे ठीक आहे, पण शीट बनवणारा पास होऊन बंगळुरूला जातो आणि पासवर्डही सोबत नेतो. वही ऑफिसच्या कपाटात राहते.

तुम्हाला ती काही करत नाही

आता ते, जे मला लिहायला आवडत नाही.

दुसरं वर्ष, डिसेंबर, सबमिशनचे दिवस, संध्याकाळचे साडेसहा. एफवायची एक मुलगी लायब्ररीतून मुलींच्या होस्टेलकडे निघाली होती. आम्ही कुत्र्यांना त्याच वाटेवर खायला घालायचो, कारण ती जागा आम्हाला सोयीची होती. तीन कुत्री खात होती. ती दबकली, मग घाबरून पळाली. बटर नावाचा आमचा बोका-कुत्रा (इतका आळशी की आम्ही त्याला बोकाच म्हणायचो) तिच्या मागे धावला आणि पोटरीला चावला.

आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज काय पडला? ‘ती पळाली असेल.’ दुसरा, ‘नक्की बटरच होता का?’ तिसरा, ‘प्लीज स्टाफला कळू देऊ नका.’ चौथा मेसेज होता, ‘तिला दवाखान्यात कुणी नेलं का?’ चौथा. तो स्क्रीनशॉट अजून माझ्याकडे आहे.

हे एवढं मात्र क्लबमधल्या प्रत्येकाला झोपेतून उठवून विचारलं तरी आलं पाहिजे. कुत्रं चावलं की जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, ते विचारून घ्यायचं. आणि लसीचे सगळे डोस ठरल्या तारखांना पूर्ण करायचे, ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मध्येच सोडायचे नाहीत. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. इथं ‘बघू उद्या’ चालत नाही.

तिच्या सुदैवानं वॉचमन काकांना हे सगळं माहीत होतं. बटरला दहा दिवस नजरेखाली ठेवलं, तो ठणठणीत राहिला. प्राचार्यांच्या केबिनमध्ये त्या दिवशी आमच्या बाजूनं बोलणारी एकच गोष्ट होती: वहीतली बटरच्या लसीची तारीख. ती ओळ नसती तर क्लब त्याच दिवशी बंद झाला असता, आणि तसं करण्यात प्राचार्यांचं काहीही चुकलं नसतं.

आम्ही चौघं तिला भेटायला होस्टेलवर गेलो. फळं घेऊन, माफीच्या वाक्यांची तयारी करून. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘तुम्ही सगळे सारखं म्हणता, ती काही करत नाही. तुम्हाला ती काही करत नाही.’

आणि मग तिनं सांगितलं की कॉलेजला आल्यापासून ती गेटपासून होस्टेलला सरळ वाटेनं एकदाही गेली नव्हती. एनसीसीच्या शेडला वळसा घालून जायची. दहा मिनिटं जास्त, रोज. आम्ही तिला एक कोरा कागद दिला आणि म्हटलं, कुठं कुठं भीती वाटते ते काढून दे. तो कागद घेऊन मग आम्ही इतरांकडे गेलो. पहाटे साडेपाचला झाडू मारायला येणाऱ्या मावशी निघाल्या, त्यांच्या हातात काठी का असते हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. अंधांसाठीच्या पांढऱ्या काठीनं चालणारा एमएचा एक दादा निघाला. आमचे अकाउंट्सचे सर तर होतेच. कुत्र्यांच्या नकाशावर हा दुसरा नकाशा ठेवला, तर आमची खायला घालायची एकूण एक जागा भीतीच्या जागेवर होती.

खाण्याची जागा जुन्या वर्कशॉपच्या मागे नेली. वेळ ठरवली, सकाळी साडेसहा आणि रात्री नऊनंतर. अर्ध्या तासात उष्टं उचलायचं. पुढे २०२३ चे नियम नीट वाचले तेव्हा दिसलं की खाणं घालायची जागा जिने, ये-जा करायची दारं आणि मुलांच्या खेळायच्या जागा यांपासून लांब असावी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वेळा सांभाळाव्यात, असं त्यात आधीच लिहिलंय. आम्ही नियमांची पीडीएफ ग्रुपवर टाकली होती. उघडली नव्हती.

ती मुलगी पुढे क्लबात आली वगैरे काही झालं नाही. तिला कुत्री आजही आवडत नाहीत. पण दर सहा महिन्यांनी आम्ही तिच्याकडे तो नकाशा घेऊन जायचो आणि ती चुका काढायची.

मग आदेश आला

मी पास होऊन बाहेर पडले. आणि ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. शाळा-कॉलेजं, दवाखाने, क्रीडा संकुलं, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली भटकी कुत्री हलवायची, निर्बीजीकरण आणि लसीकरण करून निवारा केंद्रात ठेवायची, आणि त्याच जागी परत सोडायची नाहीत. संस्थेनं आवाराला कुंपण घालायचं, एक नोडल अधिकारी नेमायचा. तोवरचा नियम उलटा होता, जिथून उचललं तिथंच परत सोडायचं.

रात्री अकराला ज्युनिअर्सचा फोन. ‘ताई, आता क्लबचं काय?’

मला आदेश पटला का? पूर्ण नाही. ऑपरेशन झालेलं, लस दिलेलं, माणसांना ओळखणारं कुत्रं हललं की रिकाम्या जागेत नवं, काहीच न झालेलं कुत्रं येतं, हे आम्ही आमच्या गेटवर पाहिलंय. शिवाय एवढ्या कुत्र्यांना ठेवायला निवारे आहेत कुठं? पण मी बटर विसरलेले नाही. न्यायालयापुढे अशाच पोटऱ्या होत्या, बऱ्याचशा लहान मुलांच्या. त्यामुळे आदेश म्हणजे दुष्टपणा, असं म्हणणाऱ्यांच्यात मी नाही.

आदेश पटला नाही म्हणून कुत्रं होस्टेलच्या खोलीत लपवायचं, हा काही मार्ग नव्हे. (एका रात्रीपुरता आमच्या ज्युनिअर्सनी तोही करून पाहिला. खोली क्रमांक सांगत नाही. गादी गेली.) मी त्यांना म्हटलं, नोडल अधिकारी कोण आहेत ते शोधा आणि त्यांनी बोलावण्याआधी तुम्ही जा. वहीची झेरॉक्स न्या. त्या अधिकाऱ्याच्या टेबलवर आधीच पन्नास कामं असतात, त्याला आवारात किती कुत्री आहेत हेही माहीत नसतं. तुम्ही त्याचे विरोधक म्हणून गेलात तर तो दार लावेल. वही घेऊन गेलात तर खुर्ची देईल. मग लेखी विचारा: पकडायला प्रशिक्षित माणसं येणार का? कुत्री कुठल्या केंद्रात जाणार? तिथं भेटीला परवानगी आहे का? दत्तक कसं घ्यायचं?

आणखी एक गोष्ट आदेशात आहे, जी हेडलाइनमध्ये आली नाही. प्राण्यांच्या आसपास कसं वागायचं, चावा बसला तर प्रथमोपचार काय, याची माहिती शैक्षणिक संस्थांनी विद्यार्थ्यांना आणि कर्मचाऱ्यांना द्यायची आहे. ते सत्र कोण घेणार? क्लब. आमच्या ज्युनिअर्सनी घेतलं, पंधरा मिनिटं साबण लावून दाखवत.

हे प्रकरण अजून हलतं आहे. तुम्ही काही ठरवण्याआधी ताजा आदेश मूळातून वाचा, रील बघून नव्हे. न्यायालयाच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. इंग्रजी जड गेलं तर लॉ कॉलेजातल्या एखाद्या मित्राला चहा पाजून शेजारी बसवा.

कुत्र्यांच्या पलीकडे

हक्क हा शब्द नावात घेतला की कुणीतरी कँटीनमध्ये प्रश्न विचारतंच. ‘कुत्र्याला हक्क आणि कोंबडीला काय, लॉलीपॉप?’ आम्हाला विचारणाऱ्याला आम्ही आधी हसलो. मग उत्तर देता येईना.

म्हणून आम्ही एक केलं, तुम्हीही करून बघा. कॉरिडॉरच्या फरशीवर ए-फोर कागद चिकटवला आणि शेजारी लिहिलं: अंड्यांसाठी पिंजऱ्यात ठेवलेल्या कोंबडीच्या वाट्याला एवढीसुद्धा जागा येत नाही. दोन मिनिटं यावर उभे राहा. बस. घोषणा नाही, रक्तबंबाळ फोटो नाहीत. लोक हसत उभे राहिले, काहींचं हसू मध्येच थांबलं. कँटीनवाल्या अण्णांना मात्र राग आला, अंडाभुर्जी कमी खपली म्हणून. त्यांच्याशी आम्ही आधी बोलायला हवं होतं.

इथं एक खड्डा आहे, त्यात पडू नका. आपल्याकडे ताटात काय आहे हा प्रश्न कधीच नुसता प्राण्यांचा नसतो. त्याला जात चिकटलेली असते, धर्म चिकटलेला असतो. राज्यात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे, आणि त्या विषयावर कोण कुणाला काय ऐकवतं ते आपण बघतो. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईत मेसमधल्या शाकाहारी टेबलांवरून केवढा वाद झाला, आठवत असेल. आमच्या क्लबातही एकानं ठराव मांडला, सदस्य होण्यासाठी शाकाहार सक्तीचा. त्यावर आमची सगळ्यात कामसू मुलगी, मोजणीला कधीही न चुकणारी, उठली आणि म्हणाली, ‘माझ्या घरी सुकट असते. मी जाऊ का?’ ठराव तिथंच मेला. माझं मत विचाराल तर, क्लबनं कुणाचा डबा उघडून बघू नये. पर्याय मात्र मागावेत. मेसमध्ये सोयाबीन, मटकी, टोफू असं काहीतरी वाढवा म्हणावं, दूध न घालता चहा मिळू द्या म्हणावं. ज्याला खायचंय तो खाईल.

सायन्सवाले, तुमच्यासाठी खास काम आहे. आईबाबांना विचारा, त्यांच्या प्रॅक्टिकलला ट्रेमध्ये टाचण्या टोचलेला बेडूक असायचा. यूजीसीनं २०११ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातलं विच्छेदन टप्प्याटप्प्यानं कमी करायला सांगितलं आणि २०१४ मध्ये ते पूर्ण थांबवायची सूचना काढली. तुमच्या विभागात आज काय चालतं ते जाऊन बघा. जुन्या बरण्या असतील तर राहू द्यात, नवीन येतात का, एवढंच विचारा.

संक्रांतीनंतरचा आठवडा मांजासाठी राखून ठेवा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्येच बंदी घातली, पण झाडांना ते माहीत नाही. आकडा लावलेला लांब बांबू, जाड हातमोजे, एनएसएसची पोरं. आम्ही पहिल्या वर्षी गुंते काढून पोत्यात भरले आणि पोतं उघडंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी खारीच्या पायात तोच मांजा. काढला की लगेच बारीक तुकडे करा.

आणि महिन्यातून एकदा वाद घाला. नीट, वेळ लावून. बैलगाडा शर्यत घ्या: २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंद केली, २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा सुधारित कायदा वैध ठरवला. दोन्ही निकालांत युक्तिवाद आहेत. नांदणी मठाची महादेवी हत्तीण घ्या, २०२५ च्या जुलैत ती वनताराला गेली आणि अख्खं कोल्हापूर पेटून उठलं. त्या चर्चेला ज्युनिअर्सनी शिरोळकडच्या एका मुलाला बोलायला उभं केलं. तो हत्तिणीबद्दल बोलता बोलता रडला. समोरचा मुलगा तिच्या पायांच्या दुखण्याबद्दल बोलायला उठला होता, तो दोन मिनिटं गप्प उभा राहिला, मग बोललाच. दोघंही अजून क्लबात आहेत.

मे महिना

क्लब बंद पडतात ते भांडणानं नाही, मे महिन्यानं. परीक्षा संपली, सगळे गावी. एप्रिलमध्ये रोज दोन वेळा खाणाऱ्या प्राण्याला अचानक काहीच नाही. आम्ही पहिल्या उन्हाळ्यात हे विसरलो. जूनमध्ये परतलो तेव्हा अकरातली नऊ होती. उरलेल्या दोघांचं काय झालं, वहीत ‘माहीत नाही’ असं लिहिलंय, माझ्याच अक्षरात. पुढच्या वर्षापासून गावातच राहणाऱ्यांचा तक्ता फेब्रुवारीत लागायला लागला. पाण्याच्या सिमेंटच्या कुंड्या, पक्ष्यांसाठी मातीची परळं, वॉचमन काकांचा नंबर.

पैशांचं थोडक्यात: कुणाच्याही वैयक्तिक क्यूआर कोडवर वर्गणी घेऊ नका, मग ती व्यक्ती कितीही भली असू दे. अपघाताच्या एका केसचं बिल साडेसहा हजार झालं आणि त्यातले सातशे कुठं गेले यावरून आमचे दोन संस्थापक सदस्य आजही बोलत नाहीत. सातशे रुपये पेट्रोलला गेले होते. पावती नव्हती.

आणि जे कुत्र्यांना हात लावतात, पिंजऱ्यात घालतात, त्यांनी चावा बसण्याआधीच घेता येणारी लस डॉक्टरांना विचारून घ्या. हिरोगिरी नको.

परवा कॉलेजात जाऊन आले. नवी वही सुरू झालीय, चौथी. बटर निवारा केंद्रात आहे, आणखी तिघांबरोबर. चार जण दत्तक गेले. खारीला बॉटनीच्या लॅबमधले मामा घेऊन गेले, तेच, ज्यांच्या स्कूटरवरून तिला दिवसातून चार वेळा हाकलावं लागायचं. आता ती त्यांच्या दारातल्या स्कूटरवर झोपते म्हणे.

केंद्रावर दर रविवारी दोघांनी जायचं, असं ठरलंय. वजन, त्वचा, लस बघायची, फोटो काढायचा, वहीत लिहायचं. ज्युनिअर्सनी मला तक्ता दाखवला. तिसऱ्या रविवारच्या पुढे एकच नाव आहे.